पाणी आमचं, उतरणार आम्हीच

वसई,
१० ऑगस्ट २०२५

लेस्टर,

'प्रिय' लिहायचं विसरलेले नाही. राग गेला की लिहीन, तोवर नुसत्या नावावर भागव.

काल फोनवर तू तुझं सगळं बोलून घेतलंस आणि मी तोंड उघडलं तशी तुझी रेंज गेली. कॅनडासारख्या देशात रेंज नेमकी आईच्या पाळीलाच कशी जाते कोण जाणे. म्हणून हे पत्र. माझी अख्खी नोकरी टपालखात्यात गेली, कुठलं पत्र कुठे कधी पोचतं ते मला पाठ आहे. हे तुझ्या हाती पडेल तेव्हा गणपती बसून उठलेलेसुद्धा असतील, आणि तोपर्यंत मला मधेच तोडणारं कोणी नसेल.

तुझी अट मी नीट ऐकली. नाताळला तू, रेजिना आणि प्रिन्सी येणार, तिकिटं बघून ठेवली आहेत. पण शेजारच्या बळीरामकाकांचा गणपती यंदाही आपल्या बावखलात गेला तर येणार नाही. ज्या घरच्या पाण्यात मूर्ती जाते त्या घरात तुझ्या मुलीने पाऊल ठेवू नये, असं तुमच्या तिकडच्या नव्या मंडळीतल्या पास्टरांचं म्हणणं आहे. आणि वर उपायही सुचवलास, बावखल भराव टाकून बुजवून टाक, म्हणजे भानगडच मिटली.

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याने निदान शेळ्या कुठे चरतात ते तरी बघावं. पलीकडच्या वाडीतलं बावखल बुजवून तिथे चार मजले उठले, आणि आता जुलै आला की त्यांच्या पार्किंगमधलं पाणी आपल्या केळींत येतं. बावखल म्हणजे डबकं नव्हे रे. तुझ्या पणज्याने खणलेलं गोड्या पाण्याचं तळं आहे ते. मार्चपर्यंत वाडी त्याच्यावर जगते आणि आजूबाजूच्या विहिरी त्याच्यामुळे गोड राहतात. हे तुला माहीत होतं. विसरला असलास तर वाईट आहे, आठवत असून बोललास तर त्याहून वाईट.

आणि गणपतीचं कसं सुरू झालं तेही तू विसरला असशील. बळीरामकाकांच्या वडिलांचा गणपती आधी खाडीवर जायचा. एका वर्षी भरतीच्या वेळेला त्यांचा धाकटा भाऊ मूर्तीबरोबर आत गेला तो बाहेर आला नाही. पुढच्या वर्षी तुझ्या पणज्याने जाऊन सांगितलं, आमच्या बावखलात आणा. पण बावखल पावसात काठोकाठ भरतं, पायऱ्या दिसत नाहीत, म्हणून त्याने एक अट घातली: पाणी आमचं, उतरणार आम्हीच. तुमचा माणूस आमच्या पाण्यात बुडाला तर गाव आम्हाला विचारील. तेव्हापासून आरती काठावर त्यांची आणि मूर्ती घेऊन पाण्यात उतरणारा माणूस आपल्या घरचा. बदल्यात आपल्या घरच्या लग्नात मांडवाचा पहिला खांब त्यांच्या घरचा पुरुष रोवतो. तुझ्या लग्नाचा बळीरामकाकांनी रोवला होता. तो उपटून टाकायचा तर तुझं लग्नही पुन्हा लावावं लागेल, रेजिनाला विचारून बघ.

तुझे बाबा तीस-बत्तीस वर्षं उतरले. पाण्यात पाय टाकण्याआधी क्रूसाची खूण करायचे, छातीपर्यंत जायचे, मूर्ती सोडायचे आणि तळाची मूठभर माती आणून बळीरामकाकांच्या पाटावर ठेवायचे. क्रूसाची खूण चालू असताना काठावर आरती चालू असायची. कोणाचं कोणावाचून अडलं नाही आणि कोणाला कोणाची अडचणही झाली नाही.

आता माझे प्लासिड नाहीत. काल तुझा फोन झाल्यावर बळीरामकाका आले, ओट्यावर बसले, चहा घेतला, पावसाचं बोलले, केळीवरच्या रोगाचं बोलले. ज्यासाठी आले होते ते काही बोलले नाहीत. उठताना फक्त म्हणाले, "प्लासिडशिवाय यंदा पानी सुनं दिसतंय." मी म्हटलं, "बघू या."

तुझ्या अटीचं त्यांना सांगितलं नाही. लाज वाटली.

तुझी,
आय

(तिकडे गेल्यापासून मला 'मॉम' म्हणतोस, म्हणून मुद्दाम लिहिलं.)


१९ ऑगस्ट

लेस्टर,

आपल्या प्रार्थना गटाची प्रिस्का येऊन गेली. तिने तुला फोन केलाच असेल, पण तिच्या सांगण्यात मी किती वेळा ओरडले ते येईल, ती काय बोलली ते येणार नाही, म्हणून माझ्याकडूनही ऐक.

पाच बायका घेऊन आली. आधी बावखलाच्या काठावर उभं राहून प्रार्थना केली. प्रार्थनेला माझी ना नाही, केळींना चांगली असते. मग घरात आली आणि म्हणाली, "मार्था, आता प्लासिड नाही, तेव्हा ही प्रथा आपोआप संपली. देवानेच वाट काढली." मी म्हटलं, "म्हणजे हे बंद व्हावं म्हणून देवाने माझा नवरा नेला?" तर म्हणते, "तसं नाही गं."  मी तळलेले मैद्याचे फुगे मात्र सगळ्या खाऊन गेल्या.

तुला वाटत असेल, आई आता निधर्मी झाली. अरे, मी रोज सकाळी मिस्साला जाते. संध्याकाळची रोझरी चुकवत नाही. चाळीस दिवसांच्या उपवासात मासळीकडे बघत नाही. तूच सांग, आपल्या दोघांत धर्म सोडला कोणी? तुझ्या पास्टरना मरिया मातेची तसबीर चालत नाही, वेशीवरचा क्रूस चालत नाही, बाबांच्या कबरीवर लावलेली मेणबत्ती चालत नाही. उद्या तू आलास तर आधी माझ्या देव्हाऱ्याला नाक मुरडशील, बावखलाची पाळी नंतर येईल. ज्या विश्वासात मी तुला वाढवलं तो तुला पुरला नाही, हे मला लागलं आहे. तुला अडवलं नाही, कारण तू मोठा माणूस आहेस. मीही मोठीच आहे, हे तू मात्र विसरलास.

दुसऱ्या दिवशी अल्पेश आला. तुझा अल्पेश, बळीरामकाकांचा, ज्याच्याबरोबर तू दप्तर केळीत टाकून शाळा बुडवायचास. आता गळ्यात उपरणं असतं आणि फोन कानावरून खाली येत नाही. महापालिकेची निवडणूक येते आहे, आणि त्याच्या पक्षाच्या साहेबांनी सांगितलंय की वॉर्डातले सगळे घरगुती गणपती एकत्र मिरवणुकीने कृत्रिम तलावावर न्यायचे. बँजो आहे, ट्रक आहे, साहेबांचा फोटो गणपतीहून मोठा आहे.

म्हणाला, "काकी, राग नको मानू. पण आता जमाना बदललाय. आपला बाप्पा दुसऱ्यांच्या पाण्यात, दुसऱ्यांच्या हातून, हे पोरांना नाय पटत. ग्रुपवर लोक बोलतात."

मी विचारलं, "दुसऱ्यांच्या म्हणजे कोणाच्या रे?"

"म्हणजे तसं नाय काकी. तू आपलीच. पण समजून घे ना."

समजून घेतलं. तू आणि तो एकाच पाण्यात पोहायला शिकलात. प्लासिडनी दोघांच्या पाठीला तरंगायला वाळलेल्या नारळाची एकेक सुकड बांधून एकाच दिवशी आत ढकललं होतं. आज तुला ते पाणी त्याच्या देवामुळे बाटलेलं वाटतं आणि त्याला तुझ्यामुळे. एकमेकांशी बोलत नाही तुम्ही किती वर्षं, तरी दोघांचं एकमत झालं. तेवढीच प्रगती.

अल्पेशलाही मी फुगे दिले. तोही खाऊन गेला. माझ्या फुग्यांबाबत दोन्ही बाजूंची तक्रार नाही, हे लिहून ठेव.

बाकी ठीक. सकाळी जरा लवकर उठून वाडीत जाते, हवा चांगली असते. तुझ्या बाबांची खाकी हाफपँट काढून मापाला बसवली. कशाला ते विचारू नकोस.

आय


२६ ऑगस्ट

लेस्टर,

उद्या गणपती येतात, परवा दुपारनंतर उठतात. काल जेनिफर आली होती एव्हरशाईनहून. तुझी बहीण तुझ्यासारखी उपदेश करत नाही, सरळ ओरडते. "मम्मी, तुझं वय काय? पाय मोडला तर कोण बघणार? लेस्टर येणार आहे ना, कशाला त्याला निमित्त देतेस?" मी म्हटलं, तो निमित्त शोधत असेल तर त्याला कुठलंही सापडेल.

ती गेल्यावर मी प्रिन्सीचा फोटो काढून बसले. दात पडलेला, हसतानाचा. पोरीला मी एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. तुला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच तू दुसरं काही गहाण न टाकता तिलाच टाकलंस. खूप रडले. लपवत नाही. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि बळीरामकाकांच्या घरी गेले.

घरात मखराचं चाललं होतं. अल्पेश शिडीवर होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "परवा मूर्ती आमच्या बावखलात येईल आणि मी उतरेन."

 मग अल्पेश शिडीवरूनच म्हणाला, "काकी, अगं बाई माणूस... आणि त्यात तू..." पुढचा शब्द त्याने गिळला. मीच बोलले तो. विधवा. म्हणजे ख्रिस्ती आहे हे एक, बाई आहे हे दुसरं आणि नवरा नाही हे तिसरं. एवढ्या सगळ्याला एकदम बाटणारं पाणी असेल तर ते पाणीच कमी दर्जाचं, तुमच्या देवाने त्यात जाऊच नये.

बळीरामकाका खाली बघत होते. बोलल्या त्या अल्पेशच्या आई, धोंडूकाकू. पायांनी चालवत नाही त्यांना, भिंतीला टेकून वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ज्यांचं पानी त्यांनी उतरायचं, असं ठरलेलं हाय. बाप्याने उतरायचं असं कोन बोललं व्हतं? प्लासिड व्हता तवर प्लासिड. आता मार्थाबाय हाय." आणि अल्पेशला म्हणाल्या, "तुज्या सायबाला पोवता येतं का? नाय ना? मंग ऱ्हाऊ दे त्याला टरकवर."

तेव्हा तुझ्या अटीचं उत्तर हे: मान्य नाही. आलात तर मी वाट बघते आहे, पलंगाच्या गाद्या उन्हात टाकायला पाऊस थांबायची खोटी आहे. नाही आलात तर मी मरणार नाही. पण माझ्याच अंगणात कोणाला येऊ द्यायचं हे नातीचा हात माझ्यापासून लांब धरून मला शिकवू नकोस. माझ्या घरात शिरायची किंमत म्हणून शेजाऱ्याला बाहेर काढ, असं सांगणारा परका असता तर मी त्याला ओट्यावरूनच परत पाठवला असता. तू मुलगा आहेस म्हणून एवढं लिहिते आहे.

आय


३० ऑगस्ट

लेस्टर,

सगळं व्यवस्थित पार पडलं. मूर्ती गेली. मी ठीक आहे.

प्रिस्काने तुला सांगितलं असेल की मी बुडाले. बुडाले नाही, घसरले. यात फरक आहे. घोट्याला थोडी सूज आहे, जेनिफरने पट्टा बांधलाय आणि हाडाचं काही नाही असं डॉक्टरही म्हणाले. डॉक्टरकडे गेले होते ते जेनिफरच्या समाधानासाठी.

झालं ते असं. तुझ्या बाबांनी तुझ्याकडून आणि अल्पेशकडून पाठ करून घेतलं होतं ते तुला आठवतं का? डावीकडून उतरायचं, तिसरी पायरी सोडायची, चौथीवर पाय. तिसरीचा दगड कधीचा खचलेला आहे आणि भरल्या पाण्यात दिसत नाही. मी ते हजारदा ऐकलं आहे. आठ दिवस रोज पहाटे जाऊन उतरून बघितलंही होतं (आता कळलं ना हाफपँटचं?). पण तेव्हा एकटी होते, हात मोकळे होते, विचार करून पाय टाकत होते.

परवा मागे झांजा, समोर पंचवीस माणसं, हातात मूर्ती. आणि मी उतरले उजवीकडून. कपडे धुवायच्या दगडावरून. लग्न होऊन आल्यापासून या बावखलावर मी धुण्याची बादली घेऊन आले, बायकांची बाजू उजवी, पुरुषांची डावी. डोक्याला सगळं माहीत होतं, पायांना त्यांची सवय माहीत होती. एवढ्या मोठमोठ्या गप्पा मारून, बाई माणूस उतरेल म्हणून सांगून, शेवटी गेले ती बायकांच्या वाटेने! मला स्वतःचंच हसू येतं आहे, घोटा दुखतो तरी.

उजवीकडे दोन दगडांनंतर सरळ खोल आहे. क्रूसाची खूण केली, पहिला दगड, दुसरा दगड, आणि पायाखाली काहीच नाही. डोकं पाण्याखाली गेलं. पण मूर्ती सोडली नाही. हात वर होते. काठावरून लोकांना म्हणे फक्त गणपती दिसत होता, पाण्यावर चालल्यासारखा, आणि खाली मी कुठे नाही. बळीरामकाका "प्लासिड! प्लासिड!" म्हणून ओरडले. माझं नाव त्यांना सुचलंच नाही.

अल्पेश काठावर व्हिडिओ काढत उभा होता. त्याने उडी मारली. उपरण्यासकट, बुटांसकट, खिशात दुसरा फोन होता त्यासकट. चालू फोन तेवढा काठावरच्या एका पोराच्या हातात फेकला. उडी मारली मात्र डावीकडून, चौथ्या पायरीच्या पुढे, बरोबर जिथे मारायला हवी तिथे. प्लासिडनी ढकललेला तो, पाय विसरले नव्हते. मला काखेत धरून उभं केलं आणि म्हणाला, "काकी, बाप्पाला सोड आता, सोड, मी हाय." मी म्हटलं, "तू धर मला. सोडायचं माझं काम आहे." त्याने धरलं. मी सोडली. मग खाली बुडी मारून माती काढली, मूठ घट्ट धरून वर आले, आणि पाटावर ठेवली.  धोंडूकाकूंना खुर्चीसकट काठावर आणलं होतं, त्यांनी माझं नाक पुसलं पदराने.

तर आता तुला कळलं. मूर्ती गेली, अट मोडली. मी घाबरले होते का, असं तू विचारशील. पाण्याखाली असताना घाबरले. मोडताना नाही.

आय


९ सप्टेंबर

लेस्टर,

आता व्हिडिओ तूही पाहिला असशील. कुठला पाहिलास ते माहीत नाही, कारण दोन आहेत.

अल्पेशच्या ग्रुपवरचा आहे त्यात मी मूर्ती घेऊन पाण्यात शिरते आणि वर लिहिलंय, 'ख्रिस्ती माता बाप्पाचरणी शरण'. खाली साहेबांचा फोटो. प्रिस्काच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ, वर लिहिलंय, 'आपल्या भगिनीसाठी प्रार्थना करा, ती वाट चुकली आहे'. मजा बघ, मी पाण्यात उतरण्याआधी क्रूसाची खूण केली होती, ती दोघांनीही कापली आहे. एकाला ती नको होती कारण मग मी शरण जात नाही. दुसरीला नको होती कारण मग मी वाट चुकत नाही. कात्री दोघांची एकच.

मी आधी अल्पेशला गाठलं. दोन दिवस तोंड चुकवत होता. म्हणाला, "काकी, मी नाय टाकलं, पोरांनी टाकलं. साहेबांना आवडलं. तुझा सत्कार ठेवलाय अनंत चतुर्दशीला, स्टेजवर. शाल, श्रीफळ." मी म्हटलं, "येते."

तो खूश झाला. त्याला वाटलं काकी नमली.

गेले. जेनिफरचा हात धरून, लंगडत. कृत्रिम तलावाशेजारी स्टेज, एवढा आवाज की काळीज छातीत नाचतं. साहेबांनी शाल पुढे केली, मी माईक मागितला. बायका माईक मागतात तेव्हा दोन शब्द आभाराचे बोलतात, म्हणून दिला त्यांनी. मी म्हटलं, "मी मार्था. मी कोणाला शरण गेलेले नाही. मी ख्रिस्ती आहे, सकाळी मिस्सा करून आलेय, मरेपर्यंत ख्रिस्तीच राहीन. बळीरामकाकांचा गणपती आमच्या पाण्यात जातो कारण त्यांचा माणूस खाडीत गेला होता, आणि शेजाऱ्याचा माणूस दुसऱ्यांदा जाऊ नये एवढी अक्कल आमच्या आजेसासऱ्याला होती. यात तुमच्या पक्षाचं काही नाही. मी पाण्यात होते तेव्हा तुमचा फोटो काठावरसुद्धा नव्हता. ती शाल त्याला द्या ज्याने मला काढलं. त्याचा एक फोन गेलाय." आणि खाली उतरले. थोड्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, थोड्यांनी शिट्ट्या. मागून एक जण ओरडला की यांना एवढा माज कशाचा. मी वळून बघितलं, तर तो गर्दीत लपला.

अल्पेश माझ्याशी बोलत नाही. साहेबांनी त्याला झापलं म्हणे. व्हिडिओ मात्र ग्रुपवरून निघाला. उपरणं गळ्यात अजून आहे, ते निघेल अशी माझी समजूत नाही. पण काल पहाटे वाडीत गेले तर डाव्या बाजूला कोणीतरी बांबू रोवून दोर बांधला होता, धरून उतरायला. आमच्या कोणी बांधलेला नाही. विचारायला गेले नाही.

दुसरीकडची शिक्षा वेगळी. काल मरिया मातेचा सण होता, आणि या सणाचं पहिलं वाचन गेली अठरा वर्षं माझं. यंदा यादीतून माझं नाव काढलं होतं. फादरना विचारलं. चांगला माणूस आहे, डोळे भरले त्यांचे. म्हणाले, "मार्थाबाई, गटातल्या लोकांची मनं दुखावली आहेत. थोडे दिवस आपण शांत राहू या." मी म्हटलं, "फादर, तुम्ही राहा."

पहिल्या बाकावर जाऊन बसले. प्रिस्का वाचायला उभी राहिली. वाचन मला पाठ आहे. ती वाचत होती आणि मी बाकावरून तिच्याबरोबर म्हणत होते, मोठ्याने नाही, पण पहिल्या चार बाकांना ऐकू जाईल एवढं. एका जागी ती अडखळली. मी थांबले नाही. मग तिला माझा सूर धरावा लागला.  कमुन्यनला ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभी राहिले, फादरनी माझ्या हातावर हॉस्तिया ठेवला, आणि मी 'आमेन' म्हटलं ते मात्र मोठ्याने.

वाईट वाटलं का? वाटलं. या बायकांबरोबर मी चाळीस वर्षं रोझरी म्हटली आहे. प्लासिड गेले तेव्हा प्रिस्काने तीन दिवस माझ्या घरची चूल पेटवू दिली नव्हती, डबे आणले होते. हेही लिहिते, नाहीतर तुला वाटेल ती राक्षसीण आहे. ती राक्षसीण नाही. कोणीच नाही, तूही नाहीस. म्हणून तर एवढी चीड येते. राक्षस असता तर सोपं होतं.

तुझा फोन नाही. तिकिटांचं काय केलंस तेही कळवलं नाहीस. मी विचारणार नाही.

आय


४ ऑक्टोबर

प्रिय लेस्टर,

लिहिलं बघ.

परवा फोन वाजला. मला वाटलं जेनिफर. तुझा मेसेज होता, ऑगस्टमधल्या त्या फोननंतरचा पहिला. मी चष्मा लावून बसले, म्हटलं आता काय काय वाचावं लागतंय. बायबलमधलं वचन असेल, तिकिटं रद्द केली असतील, नाहीतर आई, तू मला मेलीस, असंही असेल. मनाची तयारी केली होती.

तर एवढंच: 'आय, पाणी किती होतं?'

किती वेळ बघत बसले त्या ओळीकडे. 'मॉम' नाही. माफी नाही, होकार नाही, येतो म्हणून नाही, येत नाही म्हणूनही नाही. मी जेनिफरला दाखवलं तर ती म्हणाली, "हे काय विचारणं झालं? येतोय की नाही ते विचार त्याला." मी नाही विचारलं. तिला नाही कळायचं. ती कधी त्या पाण्यात उतरली नाही, मुलींना आम्ही उतरू दिलं नव्हतं. ती मात्र चूक आमची.

तू काय विचारतो आहेस ते मला कळलं. माझं तीस तारखेचं पत्र तुला मिळालं, आणि तू ते वाचताना पास्टरांना विचारायला गेला नाहीस. तू मनातल्या मनात पायऱ्या मोजल्यास.

उत्तर फोनवर देता आलं असतं. पण जे विचारायला तुला महिना लागला त्याचं उत्तर एका ठोक्यात देऊन टाकावं असं वाटलं नाही. माझी मतं बदललेली नाहीत, हे आधी सांगते. पुढच्या वर्षीही मूर्ती इथेच येईल. प्रिस्का पुन्हा येईल, अल्पेशचा साहेब निवडून आला तर तोही येईल, आणि मी दोघांना चहा देईन आणि दोघांना तेच सांगेन. वाचन मला परत मिळालेलं नाही. मी बाकावरून वाचते. तू नाताळला आलास आणि माझ्या देव्हाऱ्यासमोर हात जोडले नाहीस तरी तुझं ताट वाढेन. पण देव्हारा हलवणार नाही.

फक्त एक आहे. घोटा बरा झाला, पण उतरताना गुडघा आता भरवशाचा नाही. पुढच्या वर्षी माझ्याच्याने जमेल असं वाटत नाही, आणि उतरणारा आपल्या घरचा लागतो. अल्पेश उतरेल, त्याला पाणी माहीत आहे, पण मग पणज्याने ठरवलेलं मोडलं. तेव्हा जमेल तसं बघ. प्रिन्सीला पोहता येत नसेल तर तिला माझ्याकडे सोड, मी शिकवीन. बायकांच्या बाजूने नाही, डावीकडून.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या बाजूने डोक्यावर होतं. बाबांच्या बाजूने छातीपर्यंत असेल, तुझ्या. चौथी पायरी शाबूत आहे, मी पायाने चाचपून बघितली. तिसरी मात्र आता पार गेली. दोर बांधलेला आहे, तो धरून उतर.

तुझी,
आय